‘संदर्भित’ या रकान्यापुढची कोरी जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक दिव्यांग दिनानिमित्त ३ डिसेंबरला ठिकठिकाणी झालेल्या कार्यक्रमांची वृत्ते आणि छायाचित्रे आपल्या दैनिकात वाचली. तीनचाकी सायकलींचे वाटप, चित्रकला स्पर्धा, गुणवंतांचा सत्कार हे सर्व चांगलेच आहे आणि त्यासाठी राबणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु मी ज्या एका माहितीच्या शोधात ही सर्व वृत्ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, ती मला कोठेही मिळाली नाही. एखाद्या बालकाच्या वाढीत दोष आहे हे सरकारी पथकाच्या लक्षात आल्याच्या दिवसापासून त्या बालकावर पहिला प्रत्यक्ष उपचार होण्याच्या दिवसापर्यंत आपल्याकडे किती काळ जातो, ही ती माहिती. ती वार्ताहरांना मिळाली नाही यात नवल नाही, कारण नोकरीच्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही नोंदवहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका डोंगरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आणि शेवटची नऊ वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक, म्हणून काम करून २०१९ मध्ये निवृत्त झालो. माझ्या केंद्रात चौदा शाळा होत्या आणि त्यांपैकी पाच शाळांपर्यंत पावसाळ्यात गाडी जात नसे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला, आणि तेव्हापासून आमच्या भागात तपासणी पथकाची गाडी येऊ लागली. दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, शून्य ते अठरा वर्षे वयाची मुले तपासते, आणि जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार व विकासातील विलंब यांपैकी काही आढळले तर पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे ‘संदर्भित’ असे लिहिले जाते. तालुक्याच्या आढावा बैठकीत किती मुले तपासली आणि किती संदर्भित केली, हे दोन आकडे विचारले जात. मी ते दोन्ही आकडे वर्षानुवर्षे वाचून दाखवले आहेत, त्याखाली सही केली आहे, आणि संदर्भित झालेले मूल मार्गी लागले असे मानून मी निवृत्त झालो. ते तसे नव्हते, हे मला माझ्या घरातल्या मुलामुळे कळले. आज हे पत्र लिहिताना त्या सह्यांचे मला वाईट वाटते आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे मला योग्य वाटत नाही.

माझा नातू जानेवारी २०२१ मध्ये सातव्याच महिन्यात जन्मला. वजन सव्वा किलो होते. सव्वीस दिवस तो नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात होता आणि तेथील डॉक्टरांनी व परिचारिकांनी त्याला अक्षरशः ओढून परत आणले. दहाव्या महिन्यात तो मान धरत नव्हता, मुठी घट्ट मिटलेल्या असत आणि उचलून उभा धरला की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात. आमच्या अंगणवाडी सेविकेच्या हे नजरेतून सुटले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पथक आले तेव्हा तिने त्याला मुद्दाम बोलावून घेतले. डॉक्टरबाईंनी त्याला सतरंजीवर निजवून शांतपणे तपासले, सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या अवस्थेची) शक्यता आहे असे आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितले, जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे वाढीत दोष असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी दिली आणि सुनेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘ताई, उशीर करू नका.’’

आम्ही उशीर केला नाही. चौथ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. केंद्र पाहून मला बरे वाटले होते. भिंतींवर प्राण्यांची चित्रे, जमिनीवर मऊ गाद्या, मोठे रबरी चेंडू, चालायला शिकवण्याचे समांतर बार, पूर्ण उंचीचा आरसा, असे सर्व साहित्य तेथे होते. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, निदान पक्के केले, फाइल तयार झाली. मग आम्हाला सांगण्यात आले की फिजिओथेरपिस्टचे पद रिक्त आहे, भरती झाली की फोन करू. आम्ही एकूण पाच वेळा जाऊन आलो. दर वेळी त्या फाइलवर नवी तारीख पडली. पहिला प्रत्यक्ष उपचार झाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. नातू तेव्हा पंचवीस महिन्यांचा होता; त्यांतले पंधरा महिने चिठ्ठी हातात आल्यानंतरचे होते.

पंधरा महिने हा काळ प्रौढ माणसाच्या हिशेबात फार नाही. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन पंधरा महिने लांबले असते तर मी चरफडलो असतो आणि त्यानंतर मला पूर्वीसारखे दिसले असते. लहान मुलाचे तसे नाही. मेंदूला झालेली इजा बरी होत नाही, परंतु पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू नव्या वाटा शोधत असतो आणि त्या काळात रोज, पुन्हा पुन्हा, योग्य पद्धतीने हालचाल करून घेतली तर मूल पुष्कळ काही शिकते. उलट, हाडे वाढत राहतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, घोटे आणि गुडघे आखडतात, आणि खुब्याचे हाड हळूहळू खोबणीबाहेर सरकू लागते. मग ज्या गोष्टीसाठी रोजचा व्यायाम आणि रात्री बांधायचे स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा आधार) पुरले असते, तिच्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली जाते. आमच्या नातवाला आता तीच सुचवली आहे. वेळेवर उपचार मिळते तर ती टळलीच असती, असे कोणी डॉक्टर लिहून देणार नाही आणि मीही तसा दावा करत नाही. परंतु ती टाळण्याची जी संधी होती, ती त्याला मिळाली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रुजू झालेली फिजिओथेरपिस्ट सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिच्याविषयी लिहिले नाही तर हे पत्र अन्यायाचे होईल. तिने सुनेला मुलाला मांडीवर पाय फाकवून कसे बसवायचे, भरवताना मान कशी आणि कोठे धरायची, कपडे घालताना कोणता हात आधी घालायचा, हे सर्व हाताला धरून शिकवले. गावातल्या सुताराकडून उभे राहण्याची लाकडी चौकट कशी बनवून घ्यायची, त्याचे माप कागदावर काढून दिले. नऊ महिन्यांत आमचा मुलगा आधाराने बसू लागला आणि बसल्यावर त्याला प्रथमच अंगण दिसले. ऑक्टोबर अखेरीस तिचा करार संपत आला, पुढचा आदेश वेळेवर आला नाही, आणि तिला शहरातील एका खासगी रुग्णालयात नोकरी मिळाली. जाताना ती रडली. मी तिला दोष देत नाही. ज्या माणसाला पुढच्या महिन्यात आपण नोकरीवर असू की नाही हे माहीत नसते, त्याने आमच्या मुलाच्या पाच वर्षांची जबाबदारी कशी घ्यावी?

तिच्यानंतर ते पद सात महिने रिकामे होते. जून २०२४ पासून दुसरे फिजिओथेरपिस्ट आहेत, पण त्यांच्याकडे आणखी एका ठिकाणचा कार्यभार असल्याने ते आठवड्यातून दोनच दिवस असतात आणि आमची पाळी पंधरा दिवसांतून एकदा येते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाला तेव्हा तेही बंद राहिले. सुनेने पहिल्या दिवसापासून एका वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत. त्या वहीवरून मी हिशेब केला. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२५ या एकोणपन्नास महिन्यांपैकी बावीस महिने त्या खोलीत फिजिओथेरपिस्ट नव्हता. वाचा उपचारतज्ज्ञ एकोणपन्नासही महिन्यांत आम्ही पाहिलेला नाही. मुलगा सर्व काही समजतो, हसतो, रुसतो. त्याला काय म्हणायचे आहे ते डोळ्यांनी सांगतो. बोलण्यासाठी किंवा चित्रांच्या पाट्या दाखवून संवाद साधण्यासाठी त्याला कोणीही शिकवलेले नाही, आम्हीच जमेल तसे करतो.

वाचकांपैकी कोणी विचारेल की खासगीत का नेले नाही. नेले. तालुक्याच्या गावी एक खासगी फिजिओथेरपिस्ट आहेत. एका वेळचे चारशे रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. माझे निवृत्तिवेतन असल्यामुळे आम्ही आठवड्यातून दोनदा नेऊ शकलो, पुढे एकदा, आणि मध्ये काही महिने अजिबात नाही. मी निवृत्तिवेतनधारक आहे म्हणून एवढे तरी झाले. केंद्राबाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी बसणाऱ्या आयांपैकी बहुतेक जणी शेतमजूर होत्या. एका फेरीसाठी त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, शिवाय सोबतीला येणाऱ्या माणसाचाही बुडतो. ‘तज्ज्ञ आज नाहीत’ हे वाक्य तीन वेळा ऐकल्यावर चौथ्यांदा त्या आल्या नाहीत, आणि मग अशा मुलांच्या फाइलवर ‘पालक पाठपुरावा करीत नाहीत’ असा शेरा पडतो. मी स्वतः असे शेरे मारलेले आहेत, म्हणून मला ते कसे लिहिले जातात हे माहीत आहे.

शेजारच्या वाडीतील एका मुलीची हकीकत थोडक्यात सांगतो. ती जन्मतः बहिरी आहे. श्रवणदोषाबाबत वैद्यकशास्त्राने घालून दिलेला क्रम फार स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. या मुलीची बेरा चाचणी (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद तपासणारी श्रवणचाचणी) तिसऱ्या वर्षी झाली, कारण यंत्र होते आणि ते चालवणारा ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, नव्हता. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, केंद्र सरकारची एडिप ही दिव्यांगांना साधने पुरवणारी योजना साहाय्य देते आणि त्या योजनेची मध्यवर्ती संस्था आपल्या मुंबईतच, वांद्र्याला आहे. परंतु जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी तेथे वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. कागदपत्रे जुळेपर्यंत मुलगी पाच वर्षे दोन महिन्यांची झाली होती. ती आता हातवारे करून बोलते आणि तिची आई सोडून ते कोणाला फारसे समजत नाहीत.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचेही असेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना स्थान मिळाले, हे फार मोठे पाऊल होते. पण प्रकार तिप्पट झाले म्हणजे तपासणीचे कामही वाढले, आणि स्वमग्नतेसारख्या अवस्थेचे मूल्यमापन करायला बालमानसतज्ज्ञ लागतो, तो अनेक ठिकाणी नाही. २०१७ च्या नियमांनुसार अर्जानंतर एका महिन्यात प्रमाणपत्र मिळायला हवे होते. आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये अर्ज केला आणि ते एप्रिल २०२४ मध्ये मिळाले, कारण प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या ठरलेल्या वारी कधी एक तज्ज्ञ नसे, कधी दुसरा. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि एका महिन्याची मुदत तीन महिन्यांची केली. मुदत पाळली जात नाही म्हणून माणसे वाढवण्याऐवजी मुदतच वाढवली गेली, याचे मला फार दुःख झाले. प्रमाणपत्राशिवाय संजय गांधी निराधार अनुदान नाही आणि एक लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमाही नाही, ज्यातून खासगी थेरपीचा काही खर्च तरी निघू शकतो. म्हणजे सरकारी केंद्रात तज्ज्ञ नाही, आणि खासगी तज्ज्ञाकडे जाण्याची वाटही त्याच रुग्णालयातील दुसऱ्या रिकाम्या खुर्चीमुळे बंद, अशी ही परिस्थिती आहे.

आता शाळेविषयी, कारण ते माझे क्षेत्र आहे. माझ्या कार्यकाळात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेअंतर्गत आमच्या भागात एक विशेष शिक्षिका होत्या. कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या स्कूटीवर त्या घाट चढून गृहभेटी देत. ज्या मुलांना शाळेत येणे शक्य नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवायचे, शाळेत येणाऱ्यांच्या शिक्षकांना मार्गदर्शन करायचे, पालकांना समजवायचे, शिबिरांना मुले न्यायची आणि ऑनलाइन माहितीही भरायची, असे त्यांचे काम होते. त्यांचे प्रशिक्षण कर्णबधिर मुलांसाठीचे होते, कारण विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम दिव्यांगत्वाच्या प्रकारांनुसार वेगवेगळे असतात. आमच्याकडे एक पूर्ण अंध मुलगा होता. त्याला ब्रेल शिकवता येत नाही याची त्यांना जी खंत वाटे, ती मी जवळून पाहिली आहे. त्यांनी स्वतः पुस्तक आणून ब्रेल शिकायला सुरुवात केली होती.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीशकुमार पांडे प्रकरणात दिव्यांग विद्यार्थी आणि विशेष शिक्षक यांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहास एक आणि त्यापुढे पंधरास एक असावे असे सांगितले. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० नियमित पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यांत सामावून घेण्याचे ठरवले. पुढे ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना पदसंख्या निश्चित करून ती भरण्याच्या सूचना दिल्या. राज्याच्या या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. आमच्या त्या शिक्षिकांसारख्यांना नियमित नोकरी मिळणे ही न्यायाचीच गोष्ट आहे. मात्र एका केंद्राला एक शिक्षक म्हणजे माझ्या केंद्रात चौदा शाळांना एक, मग तेथील मुलांचे दिव्यांगत्व कोणत्याही प्रकारचे असो. त्यामुळे मंजूर पदांवर समाधान मानून चालणार नाही आणि मंजूर झालेले प्रत्येक पद तर तातडीने भरलेच पाहिजे.

यात आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही असे मला वाटते. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो सहाव्या वर्षापासून. त्याआधीची वर्षे, म्हणजे ज्यांत सर्वांत जास्त काही करता येते ती, कोणाच्याच पूर्ण ताब्यात नाहीत. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, हस्तक्षेप केंद्र आरोग्य विभागाचे, शाळा शिक्षण विभागाची, अनुदान तहसीलदारांकडे, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी आपण स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला तो या सर्वांपासून निराळा. प्रत्येक विभाग आपली रिक्त पदे आपल्यापुरती मोजतो. मूल मात्र एकच असते आणि या सर्व रिकाम्या जागा त्याच्या आयुष्यात एकापाठोपाठ एक येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडी सेविकांसाठी दिव्यांग बालकांविषयी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली, ती उपयुक्तच आहे. तिच्यामुळे मुले आणखी लवकर ओळखली जातील. पण ओळखून त्यांना पाठवायचे कोठे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, उलट रांग लांबते.

माझी मागणी एकच आहे आणि तिला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक संदर्भित बालकाच्या नावापुढे तीन तारखा लिहिणे बंधनकारक करावे: दोष आढळल्याची, तज्ज्ञाने पहिल्यांदा तपासल्याची आणि पहिला प्रत्यक्ष उपचार झाल्याची. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत सरासरी किती दिवस गेले आणि किती मुलांची तिसरी तारीख अजून कोरी आहे, हे आकडे मुलांची नावे न देता दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर लावावेत. आढावा बैठकीत ‘किती संदर्भित केली’ या प्रश्नाच्या जागी ‘किती मुलांचे उपचार सुरू झाले आणि किती दिवसांनी’ असे विचारले जावे.

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये, कारण लसीकरणात आपण हेच गेली कित्येक वर्षे करत आलो आहोत. आमच्या गावच्या आशाताईंकडे ड्यू लिस्ट असते. कोणत्या बाळाचा कोणता डोस कोणत्या दिवशी राहिला हे त्यांना तोंडपाठ असते. एक डोस चुकला तर त्या दारात येऊन उभ्या राहतात आणि बाळाची आई शेतात असेल तर बांधावर जातात. माझ्या नातवाचा एकही डोस चुकलेला नाही. त्याच नातवाचे बावीस महिन्यांचे उपचार चुकले तेव्हा विचारायला कोणी आले नाही, कारण तसे विचारण्याचे काम कोणालाच दिलेले नव्हते. आशाताईंना दिले असते तर त्यांनी ते केले असते, याची मला खात्री आहे.

पदे भरण्याविषयी नेहमी उत्तर मिळते की जाहिरात काढतो पण उमेदवार येत नाहीत. अकरा महिन्यांच्या कराराला, उशिरा येणाऱ्या मानधनाला आणि दोन-दोन ठिकाणच्या कार्यभाराला उमेदवार येत नाहीत, हे खरे आहे. तीच पदे नियमित करून पाहावीत. तोवर तालुक्याच्या गावी जे नोंदणीकृत खासगी थेरपिस्ट आहेत, त्यांना ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बोलावून सत्रागणिक मोबदला देता येईल. आईला मूल कडेवर घेऊन सत्तर किलोमीटर जाण्याऐवजी वीस किलोमीटर जावे लागेल, एवढ्यानेही किती तरी मुले मध्येच सुटायची थांबतील. शासकीय महाविद्यालयांतील फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीच्या) विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचे काही महिने या केंद्रांत ठेवता येतील. ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण या देशात सुरू झाले तेच १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात, कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांतून. ज्या राज्यात ही विद्या पंचाहत्तर वर्षांपूर्वी रुजली, त्या राज्यात आमच्या तालुक्यातील एकाही आईला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे कोण हे माहीत नसावे, याचा मला मनापासून खेद होतो.

२०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. ती गणना आठ प्रकारांवर आधारलेली होती, एकवीस प्रकारांवर नव्हे. आगामी जनगणनेत हा आकडा वाढला तर आजच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर आणखी मुले बसतील. म्हणून आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की आपल्या प्रत्येक जिल्हा प्रतिनिधीने शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाऊन दोन प्रश्न विचारावेत: मंजूर पदांपैकी आज प्रत्यक्ष किती माणसे कामावर आहेत, आणि या महिन्यात पहिला उपचार मिळालेली मुले किती दिवस वाट पाहत होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. दुसऱ्याचे बहुधा मिळणार नाही, आणि ते मिळत नाही हीच बातमी आपण छापावी.

माझा नातू जानेवारी २०२६ मध्ये पाच वर्षांचा होईल. जून २०२७ मध्ये तो पहिलीत जाईल, त्याच शाळेत जिथे मी बारा वर्षे शिकवले. शाळेला उताराचा रॅम्प आहे. तो मीच पाठपुरावा करून बांधून घेतला होता. वाचा उपचारतज्ज्ञाच्या पदाविषयी विचारायला मी मागच्या सोमवारी पुन्हा केंद्रात फोन केला. पलीकडच्या ताई सौजन्याने बोलल्या. जाहिरात निघणार आहे असे ऐकले आहे, जानेवारीत एकदा फोन करून पाहा, असे त्यांनी सांगितले. सुनेने वहीत ती तारीख लिहून ठेवली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)